मोडण्यातून घडणारा मेंदू

इटलीतील व्हेरोना शहरातल्या कास्तेलवेक्कियो संग्रहालयात एक जुने चित्र आहे. तांबूस केसांचा मुलगा हातात बाहुल्याचे रेखाटन धरून हसतो आहे. सुट्टीत तेथे गेलेले इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ हॅरी एंजलमन यांना ते पाहून आपले तीन बालरुग्ण आठवले. ती मुले वारंवार हसत, अडखळत हालचाल करीत, त्यांना झटके येत. शब्द मात्र फुटत नसे. १९६५ मध्ये त्यांनी त्यांच्याविषयी लेख लिहिला. कारण कळायला आणखी ३२ वर्षे लागली. १९९७ मध्ये यूबीई-३-ए या जनुकातील दोष उघड झाला.

या जनुकापासून बनणारे प्रथिन मोडीचा माल निवडण्याचे काम करते. नकोशा प्रथिनाला युबिक्विटिन नावाची खूणचिठ्ठी लागते. प्रोटिअसोम नावाचे यंत्र त्या चिठ्ठीवरून ते ओळखून त्याचे तुकडे करते आणि सुटलेली अमिनो आम्ले नव्या प्रथिनांच्या कामी येतात. जुना दागिना मोडून त्याच सोन्याचा नवा घडवावा, तसाच हा व्यवहार. युबिक्विटिनच्या खुणेने प्रथिने मोडण्याच्या या प्रक्रियेच्या शोधाला २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मेंदूतील बहुतेक चेतापेशी जन्मभर त्याच राहतात. त्यांतील प्रथिने मात्र काही दिवसांत किंवा आठवड्यांत बदलतात. मोड थांबली की पेशींमधील जोडण्यांची घडणही बिघडते. उंदरांना काही शिकवल्यावर लगेच त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागातला प्रोटिअसोम रोखला, तर ती शिकवण टिकत नाही. आठवण पक्की होण्यासाठीही काही मोडावे लागते!

चेतापेशींत या जनुकाची वडिलांकडून आलेली प्रत मुकी असते. काम चालते ते आईकडून आलेल्या प्रतीवर. ती हरवली की आजार उद्भवतो. बहुतेक वेळा हा बिघाड नव्यानेच, अपघाताने घडतो. मुलाच्या आईला बोल लावणाऱ्या घरांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

वडिलांची मुकी प्रत बहुधा शाबूत असते. ती जागी करणारी औषधे उंदरांत यशस्वी ठरली असून माणसांवर चाचण्या चालू आहेत. मात्र २०१५ मधील प्रयोगात हे जनुक कोवळ्या वयात सुरू केलेल्या उंदरांत बरीच सुधारणा दिसली, प्रौढ उंदरांच्या वर्तनात फारच थोडी. त्यामुळे मूल बोलत नसेल, चालणे लांबले असेल आणि झटकेही येत असतील, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणत वर्षे न घालवता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवून जनुकीय तपासणी करून घ्यावी.