पोलादी शरीर, हळवी फुप्फुसे

"डॉक्टर, पासष्टी उलटली तरी रोज पन्नास जोर काढतो. मला कशाला हवी लस-बिस?" असे म्हणणारे एखादे तरी गृहस्थ दर पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात येतातच. छाती रुंद असते, दंड भरलेले असतात आणि सांगण्यात खोटे काही नसते. अशा वेळी मी वाद घालत नाही. त्यांना बाकावर बसवतो आणि एका जपानी नटाची हकीकत सांगतो. तीच आज वाचकांसाठी लिहीत आहे.

या नटाचे पडद्यावरचे नाव शिनइची चिबा. जपानबाहेर ते सॉनी चिबा म्हणून ओळखले जातात. मूळ नाव सादाहो माएदा. जन्म २२ जानेवारी १९३९ रोजी फुकुओका येथे झाला. वडील लष्करी वैमानिक होते. बालपण टोकियोजवळच्या चिबा प्रांतात गेले आणि पडद्यावरचे आडनावही याच प्रांताचे मिळाले. मुलगा चपळ, अंगाने लवचीक. जिम्नॅस्टिक्समध्ये त्याने नाव काढले, क्रीडा विद्यापीठात प्रवेश मिळवला आणि ऑलिंपिकचे स्वप्न पाहिले. पण कंबरेला दुखापत झाली आणि ते स्वप्न तिथेच संपले.

येथे डॉक्टर म्हणून दोन शब्द. कसरतीत पाठ पुन्हा पुन्हा मागे वाकवावी लागते, उडी मारून पायांवर आदळावे लागते. त्याचा सगळा ताण कंबरेच्या मणक्यांवर पडतो. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये या ताणाने मणक्याच्या हाडाला बारीक चीरही पडू शकते. म्हणून कराटे, मल्लखांब, कुस्ती करणाऱ्या मुलाची कंबर दोन-तीन आठवडे दुखत राहिली, तर नुसते तेल चोळत बसू नये. पायात मुंग्या येणे, पायाची ताकद जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

चिबा मात्र दुखापतीने खचले नाहीत. विद्यापीठाच्या दिवसांतच ते क्योकुशिन कराटेचे संस्थापक मासुतात्सु ओयामा यांच्याकडे शिकू लागले होते. १९६५ मध्ये त्यांना काळा पट्टा मिळाला. दरम्यान तोएई या चित्रपट कंपनीने नव्या चेहऱ्यांच्या शोधात त्यांना निवडले होते आणि १९६० पासून ते पडद्यावर दिसू लागले. १९६१ मध्ये दिग्दर्शक किंजी फुकासाकू यांच्याशी जोडी जमली. १९६८ ते १९७३ या काळात चाललेल्या 'की हंटर' या दूरचित्रवाणी मालिकेने तर ते घराघरांत पोहोचले. उड्या, मारामाऱ्या, उंचावरून लोंबकळणे, असे सारे ते स्वतः करीत.

पडण्याचेही शिक्षण

१९७० मध्ये त्यांनी 'जपान अ‍ॅक्शन क्लब' ही संस्था काढली. पडद्यावरची मारामारी नीट शिकून करता यावी, असे नट आणि स्टंटमन तयार करण्याचे हे ठिकाण. एत्सुको शिहोमी आणि हिरोयुकी सानादा याच संस्थेत घडले. याच सानादा यांना 'शोगुन' मालिकेतील भूमिकेसाठी २०२४ मध्ये अमेरिकेतील एमी पारितोषिक मिळाले.

जपानी युद्धकलांमध्ये मारण्याआधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीकडे ओढायची म्हणजे डोके आपटत नाही, आणि अंग गोल करून घरंगळायचे म्हणजे धक्का एकाच हाडावर बसत नाही. म्हाताऱ्या माणसांनी हे घरी करून पाहू नये, पण त्यातला विचार घ्यावा. शरीर कितीही कमावलेले असले तरी ते पडणार, हे गृहीत धरून तयारी करणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. ती विद्येचीच पहिली पायरी आहे. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, शेवटी पुन्हा लागणार आहे.

पडद्यावरचा श्वास

१९७४ मध्ये 'द स्ट्रीट फायटर' आला आणि चिबा यांचे नाव जगभर झाले. त्यातील हाणामारी इतकी क्रूर होती की अमेरिकेत केवळ हिंसाचारासाठी त्याला 'एक्स' हा प्रौढांसाठीचा शिक्का मिळाला. त्यात नायकाचा ठोसा प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर बसतो आणि पडद्यावर क्षणभर कवटीचा एक्स-रे दिसतो. आम्हा डॉक्टरांना हसू यावे असा तो प्रकार, पण प्रेक्षक विसरले नाहीत.

त्याहून लक्षात राहतो तो त्यांचा श्वास. लढताना चिबा दात आवळून, पोट आत ओढून, घशातून घरघर करीत श्वास सोडतात. हा निव्वळ अभिनय नव्हे. क्योकुशिन कराटेमध्ये 'इबुकी' नावाची श्वसनाची पद्धत आहे. तीत पोटाच्या स्नायूंनी जोर लावून श्वास पूर्ण बाहेर काढतात. अशा सरावाने छातीखालचा पडदा आणि पोटाचे स्नायू बळकट होतात, दम टिकतो. आपल्याकडच्या पैलवानाचा दमसासही असाच कमावलेला असतो.

पण येथेच गल्लत होते. श्वासाचे स्नायू म्हणजे भाता. भाता मजबूत करता येतो. हवेतला प्राणवायू रक्तात जातो तो मात्र फुप्फुसातल्या अतिशय पातळ पडद्याच्या बारीक फुग्यांमधून. हे फुगे जोर काढून जाड होत नाहीत, आणि होऊही नयेत. वय वाढते तशी फुप्फुसांची लवचीकता कमी होते, खोकून कफ बाहेर टाकण्याची ताकद घटते आणि रोगाशी लढणाऱ्या पेशीही मंदावतात. व्यायामाने ही घसरण हळू होते, थांबत नाही.

चिबा यांची कारकीर्द मात्र थांबली नाही. १९७५ च्या 'द बुलेट ट्रेन'मध्ये ते बॉम्ब ठेवलेल्या गाडीचे चालक झाले. त्याच वर्षापासून तीन चित्रपटांत त्यांनी आपले गुरू ओयामा यांचीच भूमिका केली. फुकासाकू यांच्या १९८० च्या 'व्हायरस'मध्ये ते डॉ. यामाउची झाले. एका विषाणूने जगभरची माणसे मरतात आणि अंटार्क्टिकाच्या थंडीतली थोडी उरतात, अशी त्याची कथा. पुढे २००३ मध्ये क्वेंटिन टॅरंटिनो यांच्या 'किल बिल'मध्ये तलवारी घडवणारा हात्तोरी हान्झो म्हणून ते नव्या पिढीला भेटले. तेव्हा त्यांचे वय ६४ होते आणि पाठ ताठ होती.

दोन तारखा

२०२१ च्या उन्हाळ्यात टोकियोत ऑलिंपिक भरले. त्यात कराटेचा प्रथमच समावेश झाला होता. त्याच दिवसांत जपानमध्ये कोविडची मोठी लाट होती, खाटा अपुऱ्या पडत होत्या आणि अनेक रुग्णांना घरीच ठेवावे लागत होते. ८ ऑगस्टला ऑलिंपिकचा समारोप झाला. त्याच दिवशी, तरुणपणी ऑलिंपिकचे स्वप्न पाहिलेले चिबा आपल्या चिबा प्रांतातल्या किमित्सू येथील रुग्णालयात कोविडच्या न्यूमोनियाने दाखल झाले. १९ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. वय ८२. त्यांनी कोविडची लस घेतलेली नव्हती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते.

लस घेतली असती तर ते नक्की वाचले असते, असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. ८२ वय हाच मोठा धोका होता. पण लशीने आजार गंभीर होण्याची शक्यता बरीच कमी होते, एवढे आज निश्चित ठाऊक आहे.

ही गोष्ट मी वारंवार का सांगतो? २०२१ च्या एप्रिलमध्ये तालमीत वाढलेले आमचे एक अण्णा गेले. चार दिवस ताप अंगावर काढला, कारण 'मला काय होतंय' हा विश्वास. पाचव्या दिवशी आणले तेव्हा हसून बोलत होते, पण बोटाला यंत्र लावले तर प्राणवायू ८२. अंग कमावलेले असल्याने त्यांना दम लागल्याचे उशिरा जाणवले असावे, असे मला वाटते. त्यांना लशीसाठी आणखी चार शब्द आग्रहाने सांगायला हवे होते, ही खंत मला आजही आहे.

म्हणून साठीपुढच्या वाचकांनी चार गोष्टी कराव्यात. एक, व्यायाम सोडू नये. दोन, फ्लूची दरवर्षीची आणि न्यूमोनियाची लस आपल्याला हवी का, तसेच कोविडच्या लशीचे काय, हे आपल्या डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर नक्कीच. तीन, ताप-खोकला आल्यास स्वस्थ बसून मिनिटाचे श्वास मोजावेत. ते १२ ते २० असतात. २४-२५ च्या वर गेले किंवा प्राणवायू ९४ च्या खाली आला, तर रात्र काढू नये. चार, म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येतोच असे नाही. अचानक जेवण सोडणे, असंबद्ध बोलणे, तोल जाऊन पडणे ही देखील त्याची लक्षणे असू शकतात.

एवढे सांगून झाले की बाकावरचे गृहस्थ बहुधा गप्प होतात. मग मी त्यांना चिबांच्या विद्येचीच आठवण देतो. पडण्याची तयारी ही भीती नव्हे, ती पहिली पायरी आहे. लस म्हणजे तीच तयारी. काहीजण बाही वर करतात, काहीजण "पुढच्या खेपेला बघू" म्हणतात. पुढच्या खेपेला मी तीच गोष्ट पुन्हा सांगतो.