गव्हावाचून, तुपावाचून पंचमीचे लाडू

हुबळी-धारवाडचे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या मनात आधी पेढा येतो. दूध आटवून, खवा तांबूस होईपर्यंत परतून आणि साखरेत घोळवून केलेल्या या पेढ्याचा पुडा हाती दिल्याशिवाय पाहुण्याला निरोप दिल्यासारखे तिथे वाटत नाही. तथापि याच जुळ्या शहरांतील घरांतून श्रावणात पंचमीसाठी जे डबे भरले जातात, त्यांत दुधाचा थेंब आणि गव्हाचा कण नसलेले कितीतरी पदार्थ असतात. ते घरोघर होत असल्यामुळे त्यांचा बाजारात फारसा गाजावाजा झाला नाही, इतकेच. आज त्यांच्याकडे एका निराळ्या गरजेने पाहावे लागत आहे.

गहू, जव आणि विलायती राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणकेला जो चिवटपणा येतो तो त्याचाच. काही मुलांच्या शरीराला हे प्रथिन शत्रू वाटते. ते पोटात गेले की शरीराची संरक्षक शक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे तेथील सूक्ष्म अंकुर झिजून जातात. पोट फुगते, वाढ खुंटते, चेहरा पांढुरका पडतो. खाल्लेले अंगी लागत नाही. या विकाराला सीलियाक म्हणतात. त्याचा गव्हाशी असलेला संबंध हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी 1950 साली आपल्या प्रबंधात दाखवून दिला. गहू जन्मभर वर्ज्य करणे हाच आजही त्यावरील उपाय आहे. मात्र नुसत्या संशयावरून गहू बंद करू नये. रक्ततपासणीपूर्वीच तो थांबवला तर तपासणीत विकार लपून राहण्याचा संभव असतो.

निदान झाले की घरातील सणाचे स्वरूपच पालटते. शिरा, शंकरपाळी, करंजी, पुरणपोळी ही सगळी गव्हाचीच लेकरे. भावंडे खात असताना एकानेच हात आखडून बसावे, हे आईला पाहवत नाही. काहींना दूधही सोसत नाही. तर काही जण तत्त्व म्हणून दूध, तूप आणि मधसुद्धा सोडतात. अशांसाठी इंग्लंडात 1944 साली ‘व्हीगन’ हा शब्द निघाला आणि आता तो आपल्या शहरांतही ऐकू येतो.

पंचमीला तवा चुलीवर ठेवू नये, काही चिरू नये, तळू नये, असा दंडक मराठी घरांतून पाळला जातो. उत्तर कर्नाटकात तर हा सण झोपाळ्यांचा, माहेरवाशिणींचा आणि लाडवांचा. लाडवाला कानडीत ‘उंडी’ म्हणतात. शेंगा उंडी आणि तिळाची एळ्ळु उंडी या त्यांतल्या प्रमुख. भट्टी लागत नाही की कढईभर तूप लागत नाही.

शेंगदाण्याचा लाडू पाकाशिवाय होतो, हे अनेकींना खरे वाटत नाही. दोन वाट्या दाणे मंद आचेवर खमंग भाजावेत, साले पाखडून काढावीत आणि दाणे गार झाल्यावर कुटावेत. त्यांत वाटीभराहून थोडा कमी मऊ गूळ घालून पुन्हा कुटावे. घाव बसतात तसे दाण्याच्या पेशींतील तेल मोकळे होते, गुळाच्या ओलाव्याशी मिसळते आणि मिश्रण मुठीत आपोआप धरते. तूप येथे हाताला लावण्यापुरतेच असते. ते गाळले तरी काही बिघडत नाही. तिळाचेही तसेच, फक्त तीळ तडतडू लागताच उतरवावेत, नाहीतर कडवट होतात.

दाणे निवडताना मात्र हयगय नको. सुरकुतलेला, काळपट, बुरशी धरलेला, चवीला कडू दाणा निःशंक फेकून द्यावा. 1960 साली इंग्लंडात टर्की पक्षी हजारोंनी मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले. ते यकृतावर घाला घालते आणि घरच्या भाजण्याने पुरते नाहीसे होत नाही. श्रावणातली दमट हवा या बुरशीला मानवते.

ज्वारीच्या लाह्या हा या सणाचा दुसरा ठेवा. ज्वारी दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात टाकून उपसतात, रात्रभर फडक्यात बांधून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सावलीत कोरडी करून तापलेल्या लोखंडी कढईत मूठमूठ टाकतात. दाण्याच्या आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते, कवचाआड दाब वाढतो आणि कवच फुटताच मऊ झालेले पिठूळ सत्त्व फेसासारखे फुलून तिथेच थिजते. दाणा फार कोरडा असेल तर वाफ पुरत नाही, फार ओला असेल तर कवच दम धरत नाही. रात्रभर बांधून ठेवण्याचे मर्म यातच आहे. लाह्यांच्या दोन वाट्या पिठात वाटीभर दाण्याचे कूट आणि वाटीभर गूळ मळून, लागेल तसा कोमट पाण्याचा हबका मारून लाडू वळावेत. पाणी पडल्यामुळे ते दोन दिवसांत संपवावेत.

सीलियाक असलेल्या मुलासाठी या लाह्यांचे खरे मोल वेगळेच आहे. ज्वारीत ग्लूटेन नाही, पण गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली की पिठात गहू उतरतोच. एवढासा अंशही अशा आतड्याला पुरतो. लाह्या इतक्या हलक्या असतात की त्यांना गिरणी लागत नाही. घरच्या मिक्सरात किंवा खलातही त्यांचे पीठ होते. अर्थात ज्वारी ताटात घेऊन तिच्यातले गव्हाचे दाणे वेचावेत, आणि चाळणी निराळी ठेवावी. शेजारून आलेले तंबिट्ट विचारल्यावाचून देऊ नये, कारण काही घरी त्यात भाजलेला गहू असतो. गोकाक आणि अमीनगडचे करदंट डिंक, गूळ आणि सुक्या मेव्याचे असले तरी त्यात तूप असते. दूध सोडलेल्यांनी डिंक शेंगदाण्याच्या तेलात फुलवून ते घरीच करावे.

हे सारे पौष्टिक खरे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात, तिळात चुन्याचा अंश विपुल असतो. परंतु गूळ म्हणजे औषध नव्हे; तो बव्हंशी साखरच आहे. पंचवीस ग्रॅमच्या दाण्याच्या लाडवात सुमारे आठ ग्रॅम गूळ आणि 120 कॅलरी येतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाने दिवसभरात अशी साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवावी असे सुचवते. तीन लाडवांत ती मर्यादा जवळजवळ गाठली जाते. मधुमेह्याला गुळाचा लाडू ‘चालतो’ हा समज तर सोडूनच द्यावा. दूध पूर्ण सोडलेल्यांना बी-12 जीवनसत्त्व या डब्यातून मिळणार नाही, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळे घ्यावे लागते. तीळ वा दाणे ज्याला बाधतात त्याला ते अर्थातच देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांच्या लाडवात अख्खा दाणा राहू नये. तो घशात अडकतो.

सणाच्या आदल्या दिवशी घरात करंज्याही व्हायच्या असतील, तर हे लाडू सकाळीच वळून, झाकण लावून वरच्या फळीवर ठेवावेत. मैद्याची परात त्यानंतर काढावी.