कोणता ब्राउझर, कशासाठी?

इंटरनेटवरील पाने उघडून दाखविणाऱ्या प्रोग्रॅमला ब्राउझर म्हणतात. शिष्यवृत्तीचा अर्ज असो की परीक्षेचा निकाल, त्याच्यावाचून काम अडते. पुढील तिन्ही ब्राउझर फुकट मिळतात. सोयी मात्र वेगवेगळ्या आहेत.

गूगलचा क्रोम (२००८) बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असतो. तो इंग्रजी पान मराठीत करून दाखवितो. तरी अर्जातील अटी मूळ पानावरून ताडून पाहाव्यात. मायक्रोसॉफ्टचा एज (२०१५) पान मोठ्याने वाचून दाखवितो. नजर अधू झालेल्या वडीलधाऱ्यांना ही मोठी सोय आहे. मोझिलाचा फायरफॉक्स (२००४) आपण काय पाहतो याचा माग काढणाऱ्या जाहिरातदारांना बराच आळा घालतो.

सायबर कॅफेत जाणाऱ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनी मात्र खाजगी खिडकीच उघडावी. क्रोममध्ये तिला इनकॉग्निटो, तर एजमध्ये इनप्रायव्हेट म्हणतात. सर्व खाजगी खिडक्या बंद केल्या की पाहिलेल्या पानांची नोंद ब्राउझरमध्ये उरत नाही. पण डाउनलोड केलेला जातीचा दाखला किंवा आधार कार्ड त्या संगणकातच राहते. उठण्यापूर्वी ते रिसायकल बिनमधूनही पुसावे. पासवर्ड सेव्ह करू का, असे विचारल्यास परक्या संगणकावर नेहमी ‘नाही’ म्हणावे.