ग्वाल्हेरचे उन्हाळ्याचे गाव

इटलीच्या उत्तरेस दोलोमिती पर्वतांत लादिन भाषा बोलणाऱ्या लोकांची खेडी आहेत. हिवाळ्यात पाहुणे तेथे बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी जातात आणि उन्हाळ्यात कुरणांतून पायी भटकण्यासाठी. ग्वाल्हेरच्या वाट्यास असा पर्वत आला नाही. शिंदे सरकारांनी उन्हाळ्याची राजधानी केली ती शिवपुरीस, आणि शिवपुरी ग्वाल्हेरहून उंच ती अवघी अडीचशे मीटर! एवढ्या चढाने हवा फार तर दीड अंश उतरावयाची. उरलेला गारवा रानाचा आणि पाण्याचा.

हे पाणी मुद्दाम अडविलेले आहे. माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत, 1918 साली, मनियर नदीवर सख्यासागर तलाव झाला. नाव मातोश्री सख्याराजे यांचे. माधवराव 1925 साली पॅरिस येथे निवर्तले. शिवपुरीत मातोश्रींच्या छत्रीसमोर त्यांची संगमरवरी छत्री उभी आहे. ग्वाल्हेरहून शिवपुरीस जाणारी चिमुकली आगगाडी मात्र केव्हाच बंद पडली.

सख्यासागर 2022 साली रामसर कराराच्या यादीत आला, भोवतालचे माधव अरण्य 2025 साली व्याघ्रप्रकल्प झाले. मान मोठा खरा. पण शहराचे सांडपाणी याच तलावाकडे वाहत आले आणि त्यावर जलपर्णी माजली. राजधानी गेली तरी चालले. हे पाणी नासले, तर शिवपुरीस केवळ तो दीड अंश उरेल. पाहावयास जाणाऱ्याने हिवाळ्याची सकाळ साधावी. त्या वेळी मगरी काठावर ऊन खात पडलेल्या असतात.