विश्लेषण : जादा पास्ता वाढला म्हणून स्वतःचीच तक्रार? अमेरिकी कॉलेज क्रीडाविश्वातील ‘सेल्फ रिपोर्टिंग’ काय असते?

पदवीदान समारंभाच्या मेजवानीत तीन खेळाडूंना परवानगीपेक्षा जास्त पास्ता वाढला गेला. ओक्लाहोमा विद्यापीठाने ही बाब नियमभंग म्हणून नोंदवली आणि तिन्ही खेळाडूंना प्रत्येकी ३ डॉलर ८३ सेंट धर्मादाय संस्थेला द्यायला लावले. २०१४ मध्ये ही नोंद उघड झाली तेव्हा अमेरिकेत तिची भरपूर खिल्ली उडवली गेली. मात्र ज्या व्यवस्थेतून ही नोंद झाली, त्याच व्यवस्थेने नामवंत प्रशिक्षकांच्या नोकऱ्या घालवल्या आहेत आणि कोणताही दोष नसलेल्या खेळाडूंचा अख्खा हंगाम हिरावला आहे. स्वतःचीच चूक स्वतः कळवण्याची ही पद्धत नेमकी कशी चालते?

नियम करणारी संस्था कोणती?

अमेरिकेतील बहुतांश महाविद्यालयीन खेळांचे नियमन नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजेच एनसीएए ही संस्था करते. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय इंडियानापोलिस येथे आहे. सुमारे ११०० महाविद्यालये आणि विद्यापीठे तिची सदस्य असून पाच लाखांहून अधिक खेळाडू तिच्या नियमांखाली खेळतात. ही सरकारी यंत्रणा नाही. सदस्य संस्थांनीच नियम केले आहेत आणि ते पाळण्याची हमीही त्यांनीच दिली आहे. आपल्याकडे काय चालले आहे यावर लक्ष ठेवणे, नियमभंग शोधणे आणि तो एनसीएएला कळवणे हे सदस्यत्वाचे बंधन आहे. प्रत्येक कॉलेजवर नजर ठेवण्याइतके तपास अधिकारी एनसीएएकडे नाहीत. त्यामुळे संपूर्ण व्यवस्था ‘ज्याने चूक केली, त्यानेच सांगावे’ या तत्त्वावर उभी आहे.

‘किरकोळ’ उल्लंघन कशाला म्हणतात?

पूर्वी उल्लंघनाचे ‘मेजर’ आणि ‘सेकंडरी’ असे दोनच प्रकार होते. १ ऑगस्ट २०१३ पासून चार स्तर लागू झाले आणि पुढे त्यांचे तीन झाले. पहिल्या स्तरावर सर्वांत गंभीर प्रकरणे येतात, दुसऱ्यावर लक्षणीय आणि तिसऱ्यावर किरकोळ. तिसऱ्या स्तरात बसण्यासाठी चूक तुरळक किंवा मर्यादित असावी लागते. त्यातून खेळाडूंच्या भरतीत किंवा स्पर्धेत नाममात्र फायद्यापलीकडे काही मिळालेले नसावे. दरवर्षी हजारो अहवाल याच स्तराचे असतात.

उदाहरणे साधीच असतात. ठरलेल्या काळाआधी शाळकरी खेळाडूला केलेला फोन, चुकून गेलेला मेसेज, समाजमाध्यमावर भावी खेळाडूचे जाहीरपणे घेतलेले नाव, नियमात न बसणारे जेवण किंवा टी-शर्ट. २००९ मध्ये टेनेसी विद्यापीठात भेटीला आलेल्या शाळकरी खेळाडूसाठी सामन्याच्या दिवसासारखे वातावरण तयार करताना धूर सोडणारे यंत्र वापरले गेले. तेही किरकोळ उल्लंघन म्हणून कळवावे लागले. अशी भुरळ घालण्याची चढाओढ लागली तर श्रीमंत कॉलेजे बाकीच्यांना मागे टाकतील, हा अशा नियमांमागचा विचार आहे.

चूक कळवण्याची प्रक्रिया कशी असते?

मोठ्या कॉलेजांत यासाठी स्वतंत्र ‘कम्प्लायन्स ऑफिस’ असते. प्रशिक्षकांचे फोन, खेळाडूंचे प्रवास आणि पाहुण्यांना दिलेली तिकिटे यांच्या नोंदी हे कार्यालय तपासते. शंका आल्यास किंवा प्रशिक्षकाने स्वतः येऊन सांगितल्यास संबंधितांशी बोलून घटनाक्रम लिहिला जातो. काय घडले, कोणता नियम मोडला, कसे लक्षात आले, कॉलेजने काय कारवाई केली आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करणार, असा हा अहवाल ऑनलाइन पाठवला जातो. एनसीएएला कारवाई पुरेशी वाटली तर प्रकरण तिथेच मिटते. नाही वाटली तर शिक्षा वाढवली जाते.

किरकोळ प्रकरणे एनसीएए स्वतः जाहीर करत नाही. सरकारी विद्यापीठांचे अहवाल मात्र त्या त्या राज्याच्या माहितीच्या कायद्याखाली पत्रकार मागवू शकतात. विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेसाठी त्यातली नावे काळ्या शाईने झाकलेली असतात. खासगी विद्यापीठांना हा कायदा सहसा लागू होत नाही, त्यामुळे त्यांच्या चुका क्वचितच बाहेर येतात.

शिक्षा काय होते?

बहुतेक वेळा प्रशिक्षकाला समजपत्र मिळते आणि नियमांची पुन्हा शिकवणी होते. चुकीचा फोन केला असेल, तर त्या खेळाडूशी काही काळ संपर्क साधण्यास मनाई केली जाते. नियमबाह्य फोनने मिळालेली आघाडी काढून घेणे हा त्यामागचा हेतू असतो. खेळाडूला गैरलागू लाभ मिळाला असेल, तर तेवढी रक्कम त्याने आपल्या पसंतीच्या धर्मादाय संस्थेला द्यायची. पास्त्याचे ३ डॉलर ८३ सेंट याच पद्धतीतले. लाभाची रक्कम मोठी असेल, तर मात्र खेळाडू अपात्र ठरतो आणि पात्रता परत मिळेपर्यंत त्याला मैदानाबाहेर बसावे लागते.

स्वतःहून सांगण्यात फायदा काय?

चूक लवकर शोधून स्वतःहून कळवणे ही बाब गंभीर प्रकरणात शिक्षा सौम्य करणारी मानली जाते. एखाद्या कॉलेजकडून वर्षानुवर्षे एकही किरकोळ अहवाल आला नाही, तर तिथे सगळे आलबेल आहे असे समजण्याऐवजी कोणी पाहतच नाही, अशी शंका घेतली जाते. म्हणून नियमित येणारे छोटे अहवाल हे जागरूकतेचे लक्षण मानले जाते. मात्र त्यालाही मर्यादा आहे. किरकोळ चुका सतत होत राहिल्या, तर त्या एकत्र धरून वरच्या स्तराचे उल्लंघन ठरवता येते.

चूक लपवली तर काय होते?

ओहायो स्टेट विद्यापीठाचे प्रकरण याचे ठळक उदाहरण आहे. तेथील काही फुटबॉलपटूंनी स्वतःच्या स्मृतिचिन्हांच्या बदल्यात पैसे आणि टॅटू घेतले होते. एप्रिल २०१० मध्ये एका वकिलाच्या ईमेलमधून मुख्य प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांना हे समजले. त्यांनी ते कम्प्लायन्स ऑफिसला सांगितले नाही. उलट सप्टेंबरमध्ये, आपल्याला कोणत्याही नियमभंगाची माहिती नाही, अशा अर्थाच्या कागदावर सही केली आणि तेच खेळाडू हंगामभर खेळवले. जानेवारी २०११ मध्ये हे ईमेल विद्यापीठाच्याच हाती लागले आणि मार्चमध्ये विद्यापीठाने ते एनसीएएला कळवले.

तोवर खेळाडूंचा नियमभंग मागे पडून प्रशिक्षकाची लपवाछपवी हा मुख्य मुद्दा झाला होता. ट्रेसेल यांनी मे २०११ मध्ये राजीनामा दिला. विद्यापीठाचे २०१० च्या हंगामातील विजय रद्द झाले आणि २०१२ च्या हंगामानंतरच्या ‘बोल’ सामन्यावर बंदी आली. त्या हंगामात ओहायो स्टेटने बाराही सामने जिंकले, पण संघाला पुढे खेळता आले नाही. त्या संघातील अनेकांचा टॅटू प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता.

कॉलेजनेच प्रकरण ‘किरकोळ’ ठरवले तर?

अंतिम शब्द कॉलेजचा नसतो. बास्केटबॉल प्रशिक्षक केल्विन सॅम्पसन ओक्लाहोमात असताना त्यांच्या चमूने ५७७ नियमबाह्य फोन केल्याचे आढळले होते. २००६ मध्ये त्यांच्यावर निर्बंध आले, त्याच वर्षी ते इंडियाना विद्यापीठात दाखल झाले. निर्बंध सुरू असतानाच तिथेही शंभरहून अधिक फोन झाल्याचे ऑक्टोबर २००७ मध्ये इंडियानाने कळवले. विद्यापीठाच्या मते प्रकरण दुय्यम होते आणि सॅम्पसन यांची पाच लाख डॉलरची वेतनवाढ रोखणे पुरेसे होते. एनसीएएने मात्र तेच प्रकरण मोठे ठरवले. फेब्रुवारी २००८ मध्ये सॅम्पसन यांना पद सोडावे लागले. त्यानंतर त्यांच्यावर पाच वर्षांचा ‘शो-कॉज’ आदेश आला. असा आदेश असलेल्या प्रशिक्षकाला कामावर घेणाऱ्या कॉलेजला एनसीएएपुढे स्पष्टीकरण द्यावे लागते, त्यामुळे सहसा कोणी त्याला घेत नाही. एकटा फोन किरकोळ असतो. इशारा मिळाल्यानंतरही सुरू राहिलेले फोन किरकोळ राहत नाहीत, हा या निकालाचा अर्थ.

मग टीका कशासाठी?

पहिला आक्षेप नियमांच्या अतिरेकावर आहे. एकेकाळी खेळाडूंना बेगल म्हणजे गोल पाव, फळे आणि सुकामेवा कधीही देता येत असे. मात्र पावावर चीज किंवा जॅम लावले, तर तो नियमभंग ठरे. ही तरतूद २०१३ मध्ये गेली. एप्रिल २०१४ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरलेल्या कनेक्टिकटच्या शबाझ नेपियरने, आपल्याला काही रात्री उपाशी झोपावे लागते, असे सांगितले. त्यानंतर काही दिवसांतच खेळाडूंना अमर्याद जेवण देण्याचा नियम मंजूर झाला. तो बदल आधीपासून विचाराधीन होता, पण नेपियरच्या बोलण्याने त्यामागची गरज सर्वांना दिसली.

दुसरा आक्षेप अतिसावधपणावर आहे. पास्त्याची बातमी पसरल्यावर एनसीएएनेच स्पष्ट केले, की जेवणाच्या प्रमाणाबाबत आपला कोणताही नियम नाही आणि ही शिक्षा विद्यापीठाने स्वतःहून दिली होती. म्हणजे घडलेच नसलेल्या गुन्ह्याचा दंड खेळाडूंनी भरला.

तिसरा मुद्दा उलट बाजूचा आहे. मोठे प्रकरण हास्यास्पद ठरवण्यासाठी त्यातला सर्वांत छोटा तपशील पुढे केला जातो. मिशिगन विद्यापीठाचे तत्कालीन फुटबॉल प्रशिक्षक जिम हार्बो यांच्यावरील कारवाई ‘बर्गर खाऊ घातला म्हणून’ झाली, असे चित्र २०२३ मध्ये रंगवले गेले. एनसीएएच्या अधिकाऱ्याला जाहीरपणे सांगावे लागले, की प्रश्न बर्गरचा नसून करोनाकाळातील बंदी असताना केलेल्या भरतीचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये हार्बो यांच्यावर चार वर्षांचा शो-कॉज आदेश आला. तपास अधिकाऱ्यांना सहकार्य न करणे आणि त्यांची दिशाभूल करणे हा त्यांच्यावरील सर्वांत गंभीर ठपका होता.

आता काय बदलले आहे?

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी वापरून जाहिरातींतून कमाई करता येते. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या ‘हाउस’ समझोत्यानंतर कॉलेजे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रति कॉलेज सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. बाहेरच्यांशी केलेला ६०० डॉलर किंवा त्याहून अधिकचा करार खेळाडूने स्वतः नव्या यंत्रणेकडे नोंदवायचा असतो. आजवर स्वतःहून माहिती देण्याची जबाबदारी प्रामुख्याने कॉलेज आणि प्रशिक्षकांवर होती. आता ती अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यावरही आली आहे.

भारतीय खेळाडूंनी काय लक्षात घ्यावे?

टेनिसपटू सोमदेव देववर्मनने व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ मध्ये, तर उंच उडीपटू तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये एनसीएए विजेतेपद मिळवले. पुण्याचा टेनिसपटू अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. या मार्गाने जाणाऱ्यांना प्रवेशाआधीची बक्षिसाची रक्कम, क्लबशी झालेले करार आणि एजंटशी असलेले संबंध एनसीएएच्या पात्रता केंद्राला सांगावे लागतात. ‘एफ-१’ व्हिसावर कॅम्पसबाहेर काम करण्यावर कडक निर्बंध आहेत. त्यामुळे अमेरिकी सहकाऱ्याला सहज करता येणारी जाहिरात भारतीय विद्यार्थ्याचा व्हिसा अडचणीत आणू शकते.

म्हणूनच करारावर सही करण्याआधी किंवा कुणाची भेटवस्तू स्वीकारण्याआधी कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला लेखी विचारणे केव्हाही चांगले. चूक घडून गेली असेल, तर ती लगेच सांगावी. किरकोळ चुकीची किंमत बहुधा काही डॉलर आणि एक समजपत्र एवढीच असते.