कात्री लावण्याआधी फांदी बघा



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीला एक ताई वहीसोबत कुंडीही घेऊन आल्या. पाचगणीहून हौसेनं आणलेला हायड्रेंजिया. आणला तेव्हा फुलांचा निळा गेंद कोबीच्या गड्ड्याएवढा होता म्हणे. आता चार काटक्या आणि माना टाकलेली पानं. "टाकून देऊ का?" असं त्यांनी विचारलं. म्हटलं, थांबा, आधी जीव आहे का ते बघू.

फांदीची साल नखानं जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर मेलेली. ताईंच्या तीन फांद्या हिरव्या निघाल्या.

मग माती बघायची. बोट दोन पेरं खुपसा. कोरडी असेल तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवा. ओली असूनही पानं मलूल असतील, तर मुळं कुजत असतात. अशा वेळी आणखी पाणी घालू नका. ताईंच्या कुंडीचं भोकच बुजलं होतं. रोप काढून काळी, मऊ मुळं कापली. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग पालापाचोळ्याचं खत घेऊन नव्यानं लावलं. भोकावर खापरीचा तुकडा ठेवला. या झाडाला सकाळचं कोवळं ऊन हवं, दुपारी सावली हवी. दुपारी पानं लवली आणि संध्याकाळी उभी राहिली, तर घाबरू नका. तो उन्हाचा परिणाम.

आता छाटणी. इथं माझीच चूक सांगते. मोगरा आपण थंडीत छाटतो, कारण त्याला नव्या फुटीवर कळ्या येतात. मी हायड्रेंजियाही पौषात तसाच छाटला. झाड हिरवंगार झालं, पण वर्षभर एक फूल नाही! नेहमीच्या मोठ्या गेंदाच्या हायड्रेंजियाच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांदीवर, थंडीच्या आधीच तयार होतात. मी त्या कळ्याच कापून टाकल्या होत्या.

म्हणून फुलं सुकली की लगेच छाटा. सुकलेल्या गेंदाखाली जिथं फुगीर डोळ्यांची जोडी दिसेल, त्याच्या जरा वर कापा. मेलेली फांदी मात्र कधीही बुडापासून काढा. झाड जुनं, दाट झालं असेल तर दरवर्षी एक-दोन जाड फांद्याच बुडातून काढा, सगळ्या एकदम नाही. कात्री आधी उकळत्या पाण्यानं धुवा.

छाटलेल्या फांद्या फेकू नका. फूल न आलेला चार-पाच इंचांचा शेंडा घ्या, खालची पानं काढा आणि ओलसर रेतीमातीत सावलीला खोचा. महिनाभरात मुळं धरतात. एका कुंडीच्या चार होतात, आणि गटाच्या स्टॉलवर त्या विकताही येतात. मात्र ही पानं विषारी असतात. शेळ्या आणि लहान मुलं यांच्यापासून झाड दूर ठेवा.

ताईंच्या कुंडीला आता पोपटी कोंब आलेत. यंदा फूल येणार नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलंय. त्या म्हणाल्या, "चालेल, जगलं ना!"