विश्लेषण : चष्म्याचा नंबर काढला, पण काचबिंदू राहून गेला?

जुहूच्या मोरागावात असो वा नेहरूनगरच्या वस्तीत, ‘डोळे तपासले’ याचा अर्थ बहुतेकदा तक्त्यावरची अक्षरे वाचली आणि चष्म्याचा नंबर काढला इतकाच असतो. काचबिंदू मात्र या तपासणीत निसटतो. या आजारात गेलेली दृष्टी परत येत नाही. मग तो वेळेत शोधायचा कसा?

अक्षरे नीट दिसत असताना धोका कसा?

डोळ्यात सतत तयार होणाऱ्या द्रवाचा निचरा अडला की डोळ्यातील दाब वाढतो आणि मेंदूकडे संदेश नेणारी नस हळूहळू झिजते. आधी कडेची नजर जाते, समोरची बराच काळ टिकते. त्यामुळे तक्त्याची शेवटची ओळ वाचणाऱ्यालाही काचबिंदू असू शकतो. मोतीबिंदूत शस्त्रक्रियेने दृष्टी परत मिळते. काचबिंदूत थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रियेने उरलेली दृष्टी राखणे एवढेच हाती असते.

केवळ दाब मोजणे पुरेसे आहे का?

नाही. डोळ्यातील दाब साधारण १० ते २१ मिमी पारा असतो. मात्र काहींची नस या मर्यादेतही झिजते, तर काहींना दाब जास्त असूनही इजा होत नाही. म्हणून नस पाहणे, कडेची नजर मोजणे (पेरिमेट्री) आणि निचऱ्याच्या मार्गाचा कोन तपासणेही आवश्यक ठरते.

किती रुग्ण निदानाविना राहतात?

तमिळनाडूच्या ग्रामीण भागातील अरविंद नेत्र सर्वेक्षण २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात चाळिशीपुढील २.६ टक्के लोकांना काचबिंदू आढळला. त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना आजाराची कल्पनाच नव्हती. आफ्रिकेत या आजाराचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. तेथील खेड्यांत रुग्ण सापडला, तरी नेत्रतज्ज्ञ दूर आणि औषध आयुष्यभराचे, ही अडचण उरतेच.

मग सरसकट तपासणी का नाही?

शंभरात दोन-तीनच रुग्ण असल्याने वरवरच्या चाचणीत अनेक निरोगी लोक संशयित ठरतात आणि रुग्णालयांवर ताण येतो. अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कार्यदलानेही २०२२ मध्ये लक्षणे नसलेल्या प्रौढांच्या सरसकट तपासणीसाठी पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. त्यामुळे जोखमीच्या व्यक्तींवर लक्ष देणे अधिक व्यवहार्य ठरते.

तपासणी कोणी करावी?

आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असलेले, मधुमेही, मोठा उणे नंबर असलेले आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे यांनी चाळिशीनंतर नेत्रतज्ज्ञाकडून नस तपासून घ्यावी. जुहूकरांसाठी महापालिकेचे कूपर रुग्णालय जवळ आहे. दमा असल्यास तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा, कारण काही थेंबांनी श्वासाचा त्रास वाढतो. डोळा अचानक लाल होऊन तीव्र वेदना, उलटी किंवा दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एकदा थेंब सुरू झाले, की ‘बरे वाटते’ म्हणून ते परस्पर बंद करू नयेत.